दोन 'अग्निपथ' आणि रऊफ लाला

जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती काढणे हे काही पाप नव्हे. आमच्या कोल्हापूरच्या मातीत तर ही रीत मूकपटाच्या काळापासून आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जाच्या फासात अडकलेला तरुण शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी रंगवला होता. पुढे १९३६ साली खुद्द पेंटरांनीच तीच कथा बोलपटात पुन्हा मांडली. मधल्या अकरा वर्षांत पडद्याला आवाज मिळाला होता. सावकार मात्र जिथल्या तिथेच होता. म्हणून कथा पुन्हा सांगण्याला अर्थ होता. तेव्हा पुनर्निर्मितीकडे पाहताना नव्या नटाने जुन्या नटाची बरोबरी केली की नाही, एवढ्यावर थांबून भागत नाही. मधल्या काळात समाजात काय बदलले, आणि त्या बदलापैकी दिग्दर्शकाने काय उचलले व काय टाकून दिले, हे तपासावे लागते. याच कसोटीवर आम्ही येथे दोन 'अग्निपथ' शेजारी शेजारी ठेवत आहोत.

पहिला 'अग्निपथ' १६ फेब्रुवारी १९९० रोजी प्रदर्शित झाला. निर्माते यश जोहर, दिग्दर्शक मुकुल आनंद, संवाद कादर खान यांचे. चित्रपटाचे नाव हरिवंशराय बच्चन यांच्या कवितेवरून घेतलेले. दुसरा 'अग्निपथ' २६ जानेवारी २०१२ रोजी आला. यश जोहर यांचे २००४ मध्ये निधन झाले होते. वडिलांचा हा चित्रपट नव्याने काढण्याचे करण जोहर यांनी मनावर घेतले आणि दिग्दर्शनाची पहिलीच संधी करण मल्होत्रा यांना दिली. पहिला चित्रपट तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही, पण अमिताभ बच्चन यांना त्याने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. दुसरा चित्रपट तिकीटबारीवर जोरात चालला. म्हणजे बापाचे अपुरे राहिलेले यश मुलाने पुरे केले, असे व्यवहाराच्या भाषेत म्हणता येईल. आम्हांला मात्र त्या यशाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडायचा आहे.

दोन्ही चित्रपटांचा सांगाडा एकच आहे. मांडवा गावात दीनानाथ नावाचे एक सच्छील मास्तर आहेत. गावाचा उपयोग काळ्या धंद्यासाठी करू पाहणाऱ्या कांचा चीनाला ते आडवे येतात. कांचा त्यांच्यावर खोटा आळ आणतो, गावकरी त्या आळावर विश्वास ठेवतात आणि मास्तरांचा जीव जातो. मुलगा विजय आईसह मुंबईस येतो, गुन्हेगारीत शिरतो, मोठा होतो आणि एक दिवस मांडव्याला परतून सूड घेतो. आई मुलाचा हा मार्ग कधीच मान्य करीत नाही. शेवटी तिच्याच मांडीवर त्याचा अंत होतो.

मांडवा हे काही काल्पनिक गाव नाही. रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, मुंबईच्या समोर खाडीपलीकडे ते आहे. गेटवेवरून लाँच सुटते आणि मांडव्याच्या धक्क्याला लागते. मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट दोन्ही वेळा खटकते. मांडव्याच्या मास्तरांचे आडनाव चव्हाण असायला हवे. हिंदी पडद्यावर ते 'चौहान' झाले आहे आणि बावीस वर्षांनंतरही ते कोणी दुरुस्त केले नाही. नव्या चित्रपटातला मांडवा तर दीवच्या किनाऱ्यावर उभा केला गेला. कोकण दाखवायचे आणि कोकणात पाऊल ठेवायचे नाही, ही हिंदी चित्रपटाची जुनीच खोड आहे.

आता अभिनयाकडे पाहू. अमिताभ यांचा विजय हा बोलणारा माणूस आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव तो ठासून सांगतो. ज्या बापाचे नाव गावाने चिखलात लोळवले ते नाव दर ठिकाणी उच्चारणे हाच त्याचा सूड आहे. त्यासाठी अमिताभ यांनी आपला कमावलेला आवाज बाजूला ठेवून एक खरखरीत, घशात अडकलेला आवाज लावला. प्रेक्षकांना वाटले, थिएटरचे ध्वनियंत्रच बिघडले आहे. तक्रारी एवढ्या झाल्या की आवाज पुन्हा नेहमीसारखा करून घ्यावा लागला. हृतिक रोशन यांचा विजय जवळजवळ मुका आहे. त्याचे दुःख डोळ्यांत आणि ताणलेल्या स्नायूंत आहे. आम्ही याला दोष मानत नाही. त्याने अमिताभ यांची नक्कल केली नाही, हे त्याचे शहाणपणच होय. पण एक फरक पडतो. शब्द गेले की कादर खान यांनी त्या भूमिकेला दिलेला उपरोधही जातो. जुना विजय स्वतःवरही हसू शकत होता. नव्याला तेवढी उसंत नाही.

आईच्या भूमिकेत आधी रोहिणी हट्टंगडी होत्या, नंतर झरीना वहाब. रोहिणीताई वयाने अमिताभपेक्षा लहान, तरीही त्यांच्यासमोर तो भलामोठा माणूस पोरासारखा वाटतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पोलीस अधिकारी गायतोंडे पूर्वी विक्रम गोखले होते, नंतर ओम पुरी झाले. दोघेही तोलाचे. संगीतात तर नवा चित्रपट जुन्याहून अधिक मराठी आहे, कारण ते अजय-अतुल यांचे आहे. त्यातले गाजलेले नृत्यगीत हे त्यांच्याच 'जत्रा' या मराठी चित्रपटातल्या 'कोंबडी पळाली'चा हिंदी अवतार. पुनर्निर्मितीच्या पोटात ही आणखी एक पुनर्निर्मिती! पण ती प्रामाणिक आहे, कारण चाल ज्यांची, त्यांनीच ती नेली.

हाणामारीच्या कलेतही काळाचा फरक दिसतो. जुन्या चित्रपटाचा शेवट आगीत आहे. नव्या चित्रपटात विजय रक्तबंबाळ होतो, तरी ज्या झाडावर बापाला फाशी दिले गेले त्याच झाडावर कांचाला लटकावतो. ही रचना अधिक बंदिस्त, अधिक परिणामकारक आहे हे मान्य केले पाहिजे. संजय दत्त यांचा टकला, भुवया नसलेला, गीतेतील वचने बोलणारा कांचा पाहताना अंगावर काटा येतो. डॅनी यांचा कांचा कपडेपटाने झुळझुळीत, व्यापारी वृत्तीचा होता. तो माणूस होता. हा रावण आहे.

येथवर पाहिले तर दोन्ही पारडी कमी-अधिक समतोल आहेत. खरा प्रश्न पुढेच आहे. नव्या चित्रपटात कोण आले आणि कोण गेले?

१९९० च्या चित्रपटात विजयला गोळ्या लागतात तेव्हा त्याला वाचवणारा माणूस आहे कृष्णन अय्यर. शहाळी विकणारा, नावापुढे एम. ए. लावणारा दाक्षिणात्य. मिथुन चक्रवर्ती यांनी तो रंगवला आणि त्यांनाही फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ज्या मुंबईत दाक्षिणात्य माणसाविरुद्ध कधीकाळी आरोळ्या उठल्या होत्या, त्या मुंबईच्या चित्रपटात एक अय्यर मराठी मास्तरांच्या मुलाचे प्राण वाचवतो आणि त्याच्या बहिणीवर जीव लावतो. रुग्णालयात विजयची शुश्रूषा करणारी, पुढे त्याच्या आयुष्यात येणारी परिचारिका आहे मेरी मॅथ्यू. आणि विजयच्या जिवावर उठलेले गुन्हेगार कोण? हसमुख, उस्मानभाई, दिनकरराव आणि अण्णा शेट्टी. वाचकहो, ही चार नावे पुन्हा एकदा वाचून पाहा. गुन्हेगारीची ही चौकडी म्हणजे मुंबईचाच नमुना आहे. त्यात एक मुसलमान आहे, तसे इतर तिघेही आहेत. पाप सर्वांना सारखे वाटून दिले आहे. विजयच्या बहिणीला, शिक्षाला, पळवून नेतो तो अण्णा शेट्टी. ते पाहून कोणी शेट्टी लोकांच्या हॉटेलांकडे संशयाने पाहू लागले नाही.

२०१२ च्या चित्रपटात कृष्णन अय्यर नाही. मेरी मॅथ्यू नाही. तिच्या जागी काली गावडे आहे. ती चारजणांची चौकडी नाही. या सगळ्यांची रिकामी झालेली जागा एकच माणूस भरून काढतो, आणि तो म्हणजे रऊफ लाला. अमली पदार्थांचा व्यापारी, मुलींची बोली लावणारा, खाटकाचा सुरा हाती असलेला. मूळ चित्रपटात अशी व्यक्तिरेखाच नव्हती. शिक्षाचे अपहरण आता अण्णा शेट्टीकडून काढून या लालाकडे सोपवले आहे, आणि त्यात भर म्हणून शाळकरी वयाच्या त्या पोरीला भर वस्तीत विकायला उभे केले आहे.

ही भूमिका ऋषी कपूर यांनी केली आणि अप्रतिम केली. त्यामुळेच ती जास्त बोचते. याच ऋषी कपूर यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मध्ये अकबर हा कव्वाल साकारला होता. त्या चित्रपटाचे संवादही कादर खान यांचेच. अकबर हा खट्याळ, प्रेमळ, मोहल्ल्याचा लाडका होता. तो खोटा होता, गोड होता, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु पस्तीस वर्षांत एकाच नटाच्या चेहऱ्यावर अकबराचा रऊफ लाला झाला, आणि या प्रवासात कोणाला काही हरवल्यासारखे वाटले नाही, याचे आम्हांस नवल वाटते. दोन्ही चित्रपटांत कव्वाली आहे. अकबराच्या कव्वालीत सारा प्रेक्षकवर्ग आपलेपणाने सामील होतो. लालाच्या घरची कव्वाली ऐकताना प्रेक्षकाला पुढच्या रक्तपाताची चाहूल लागते.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, मुसलमान पात्र खलनायक असूच नये असे आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या गुन्हेगारी जगात पठाण होते, लाला होते, भाई होते. ते नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय. दुसरी, चित्रपटाचा मुख्य खलनायक कांचा हा मुसलमान नाही, तो तर गीता बोलतो. म्हणजे दिग्दर्शकाने सर्व पाप एकाच समाजाच्या माथी मारले, असा सरळ आरोप टिकणार नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती दोघांच्या घडणीतल्या फरकाची. कांचाला समाज नाही. त्याच्यासारखा माणूस कोणाच्या गल्लीत राहत नाही, तो समुद्राकाठच्या एका दंतकथेत राहतो. चित्रपट पाहून परतताना वाटेत कोणत्याही टकल्या माणसाला पाहून प्रेक्षकाला कांचा आठवत नाही. रऊफ लालाला मात्र वस्ती आहे, पोशाख आहे, बोली आहे, धंदा आहे, घरातले लग्न आहे. तो ओळखीच्या खुणांनी बनवलेला आहे. रावण पुराणात परत जातो. शेजारी शेजारीच राहतो. म्हणून एकाची दुष्टाई कथेबरोबर संपते आणि दुसऱ्याची प्रेक्षकाबरोबर घरी येते. आमच्या भागात चित्रपटानंतर काही दिवस मटणाच्या दुकानावर उभ्या असलेल्या गरीब माणसाला पोरेसोरे 'लाला' म्हणून हाका मारीत होती. त्यात द्वेष नव्हता, थट्टाच होती. तो बिचाराही हसत होता. पण थट्टेलाही नाव लागते ते कोठून, हे पाहिले पाहिजे.

या बदलाचे कारण काय असावे? दोन चित्रपटांच्या मधली बावीस वर्षे पाहिली की उत्तर सापडू लागते. पहिल्या 'अग्निपथ'नंतर तीन वर्षे पुरी होण्याच्या आत, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. नऊशे माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान होती. मग १२ मार्च १९९३ चे बाँबस्फोट आले आणि २५७ जीव गेले. त्या स्फोटांची सामग्री उतरली ती रायगडच्याच किनाऱ्यावर, शेखाडीला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर १९९० साली एका कांचाचे राज्य कल्पिलेले होते, त्या किनाऱ्याला तीन वर्षांत निराळाच अर्थ चिकटला. तस्कर या शब्दाला धर्म लागला. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दंगलींचा अहवाल दिला. तो किती जणांनी वाचला? पडदा मात्र सर्वांनी पाहिला. हसमुख, दिनकरराव आणि अण्णा शेट्टी हळूहळू दिसेनासे झाले आणि उस्मानभाई एकटाच उरला. रऊफ लाला हा त्या एकट्या उरलेल्या उस्मानभाईचा वाढवलेला आकार आहे. एका दिग्दर्शकाच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याने फक्त प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार असलेले चित्र उचलले. पुनर्निर्मितीत हेच घडते. जे पटकन पटेल ते नवीन म्हणून घातले जाते, आणि ज्याला समजावून सांगावे लागेल ते जुने म्हणून गाळले जाते. शहाळेवाल्या अय्यरचे मन समजावून सांगावे लागते. लालाला समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. 'अग्निपथ'च्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, 'जंजीर'ची नवी आवृत्ती आली. मूळ 'जंजीर' १९७३ चा. दिग्दर्शक प्रकाश मेहरा, लेखन सलीम-जावेद यांचे. त्यात प्राण यांनी रंगवलेला शेर खान हा जुगाराचा अड्डा चालवणारा पठाण होता. तरुण इन्स्पेक्टर त्याला पोलीस ठाण्यात खुर्ची नाकारतो, दोघांची झुंज होते, आणि त्या झुंजीतून अशी मैत्री जन्मते की पठाण आपला धंदाच सोडून देतो. शेर खानही वस्तीचा, पोशाखाचा, बोलीचा माणूस होता. म्हणजे खुणा त्याच होत्या; पण लेखकांनी त्याला बदलण्याची संधी दिली. माणूस म्हणजे ज्याला बदलता येते तो. रऊफ लालाला ती संधी नाही. नव्या 'जंजीर'मध्ये संजय दत्त शेर खान झाले. त्यात मैत्री होती, पण चित्रपटात जीव नव्हता आणि तो पडला. त्याच्या हक्कांच्या मोबदल्यासाठी सलीम-जावेद यांना न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला, हीदेखील त्या पुनर्निर्मितीची एक कहाणी. प्राण त्याच वर्षी १२ जुलैला, नवा शेर खान पडद्यावर येण्यापूर्वीच गेले.

आता 'अग्निपथ'च्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे वळू. दोन्ही चित्रपटांचा आरंभ एकाच घटनेने होतो : एका निरपराध माणसावर खोटा आळ येतो आणि गाव शहानिशा न करता त्याचा जीव घेते. जुन्या चित्रपटात मास्तरांवर बदफैलीचा डाग लावला जातो. नव्या चित्रपटात तो आळ आणखी भयंकर केला आहे. एका शाळकरी मुलीवरील अत्याचाराचा आणि खुनाचा. मुलीचे नाव निघाले की जमाव विचार करीत नाही, हे दिग्दर्शकाने नेमके ओळखले आहे. चित्रपटाचा पहिला अर्धा तास म्हणजे अफवेने माणूस कसा मारला जातो याचा उत्तम पाठ आहे. प्रेक्षक मास्तरांसाठी हळहळतो, गावावर चिडतो. आणि मग तोच चित्रपट पुढे काय करतो? पुन्हा एक मुलगी, पुन्हा एक अत्याचारी, पण या वेळी एका विशिष्ट वस्तीतला. आणि प्रेक्षकाला तो म्हणतो, आता विचार नको, आता चीड येऊ द्या. ज्या जमावाला आरंभी दोषी ठरवले, त्याच जमावात मध्यंतरानंतर प्रेक्षकाला उभे केले जाते. या चित्रपटाचे खरे अपयश आमच्या मते हे आहे, आणि ते तिकीटबारीवर दिसत नाही.

ही गोष्ट आम्हांला केवळ कलेची वाटत नाही. आमच्याच जिल्ह्यात १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापूर येथे जमावाने मुसलमानांची घरे आणि मशीद फोडली. गडावरील अतिक्रमणाचा वाद एकीकडे, आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता त्यांच्या चुली दुसरीकडे. चित्रपटामुळे असे घडते असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. परंतु मास्तर दीनानाथांची गोष्ट मनापासून कळलेला माणूस अशा जमावात पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल, अशी आशा आम्ही धरतो. कथेचे तेवढेच काम असते. नव्या 'अग्निपथ'ने ते काम हाती घेतले आणि अर्ध्या वाटेत सोडून दिले.

गगनबावडा हा घाटमाथ्यावरचा छोटा तालुका. पावसाळ्यात चार महिने धुक्यात बुडालेला. खाली करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांनी कोकणात उतरता येते, मागे पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर. नवा चित्रपट पाहायचा तर आम्ही कोल्हापूर गाठत असू. आता तो पोरांच्या हातातल्या मोबाईलमध्येच येतो. येथील गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि त्याच गडावर गैबी पीरही आहे. गड चढणारा माणूस दोन्हीकडे हात जोडून उतरतो आणि त्यात आपण काही विशेष केले असे त्याला वाटत नाही. या घाटात ट्रक चालवणारा, गवंडीकाम करणारा, पोरांना मराठी शाळेत घालणारा मुसलमान हिंदी चित्रपटाला कधी सापडला नाही. अकबराच्या गोडव्यात तो नव्हता आणि लालाच्या क्रौर्यातही नाही. मांडवा दीवला नेऊन उभा करणाऱ्यांना तो सापडावा तरी कसा?

म्हणूनच शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगावीशी वाटते. पहिला 'अग्निपथ' आला त्याच १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कथा लिहिल्या, कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली. पटकथा मात्र फारशा लिहिल्या नाहीत. पडदा आपला नाही असे आपण मानून चाललो. वास्तविक विजय दीनानाथ चौहान या अस्सल मुंबईकर नायकाच्या तोंडी भाषा घातली ती कादर खान यांनी. काबूलमध्ये जन्मलेला, भायखळ्याच्या साबू सिद्दिक महाविद्यालयात शिकवणारा हा माणूस. मास्तर दीनानाथांची व्यथा त्याला परकी वाटली नाही, आणि त्याच्या चित्रपटात पाप चार नावांत वाटले गेले हा आम्हांस योगायोग वाटत नाही. लेखक ज्या गर्दीत राहतो, त्या गर्दीचा न्याय त्याच्या लेखणीत उतरतो. कादर खान ३१ डिसेंबर २०१८ रोजी गेले. त्यांची जागा रिकामी आहे.

उद्या कोणी तिसरा 'अग्निपथ' काढील. काढू द्यावा. त्यात रऊफ लाला असला तरी आमची हरकत नाही. फक्त हसमुख, दिनकरराव आणि अण्णा शेट्टी यांनाही परत बोलवावे, मेरीला तिची नोकरी परत द्यावी, आणि जखमी विजय रस्त्यात पडलेला असेल तेव्हा त्याला उचलायला शहाळ्यांची गाडी सोडून धावत येणारा तो अय्यर पुन्हा असावा. त्याच्याबरोबर विजयचे पाय धरायला आणखी एखादा हात लागेलच. तो हात आपल्यापैकी कोणाचा असावा, एवढेच आमचे मागणे.